वस्त्रशुष्कक, घरगुती : दोषनिदान व सुटे भाग

धुतलेल्या व पिळलेल्या कपड्यांत उरलेले पाणी उष्ण हवेच्या झोताने काढून टाकणाऱ्या घरगुती यंत्रास वस्त्रशुष्कक (ड्रायर) म्हणतात. भारतात दोन टाक्यांच्या धुलाई यंत्रातील दुसऱ्या टाकीसही ‘ड्रायर’ म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु त्या टाकीत कपडे वेगाने फिरवून केंद्रोत्सारी प्रेरणेने पाणी बाहेर फेकले जाते, उष्णता वापरली जात नाही व कपडे शेवटी दोरीवरच वाळत घालावे लागतात. प्रस्तुत नोंदीत विचार केला आहे तो उष्ण हवेवर चालणाऱ्या यंत्राचा. हे यंत्र मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाले व सर्वसामान्य घरांत प्रथम तेथेच रूढ झाले. त्यामुळे त्यातील दोष शोधण्याची पद्धती आणि त्याच्या सुट्या भागांचा व्यापार यांचा इतिहासही प्रामुख्याने त्याच देशातील आहे.

यंत्राचा इतिहास सामान्यतः शोध, कारखाने व विक्री यांच्या अंगाने सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. घरात आलेले यंत्र किती वर्षे टिकते, बिघडल्यास ते कोण दुरुस्त करू शकतो आणि लागणारा भाग मिळतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या रचनेवर, कारखानदाराच्या धोरणावर व अखेरीस कायद्यावर अवलंबून असतात. साधी रचना व अनेक वर्षे न बदललेले भाग यांमुळे वस्त्रशुष्कक दीर्घकाळ गृहस्थाच्या व स्थानिक कारागिराच्या आवाक्यात राहिला. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे व कारखानदारांच्या धोरणांमुळे हा आवाका कमी होत गेला आणि तो टिकविण्यासाठी एकविसाव्या शतकात कायदे करावे लागले.

पूर्वेतिहास : थंड व दमट प्रदेशांत कपडे वाळविणे हा हिवाळ्यातील एक कष्टाचा प्रश्न होता. घरात शेगडीजवळ लाकडी चौकटीवर किंवा छताला टांगलेल्या दांड्यांवर कपडे पसरीत. फ्रान्समधील पोशाँ याने १८०० च्या सुमारास हाताने फिरविण्याचे एक साधन तयार केले. त्यात भोके पाडलेल्या धातूच्या पिंपात ओले कपडे भरून ते पिंप विस्तवावर फिरवीत. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास येई, काजळी लागे व प्रसंगी ते जळतही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधक जॉर्ज टी. सॅम्पसन यांना ७ जून १८९२ रोजी कपडे वाळविण्याच्या साधनाचे एकस्व (पेटंट) मिळाले. त्यात उघड्या विस्तवाऐवजी शेगडीच्या उष्णतेचा उपयोग करून चौकटीवर कपडे वाळविण्याची योजना होती. पिंप फिरविण्याची कल्पना आणि उष्णतेचा उगम कपड्यांपासून दूर ठेवण्याची कल्पना अशा रीतीने स्वतंत्रपणे पुढे आल्या. त्यांचा मेळ घालण्याचे काम विसाव्या शतकात झाले.

नॉर्थ डकोटा राज्यातील जे. रॉस मूर यांनी १९३० नंतरच्या दशकात विजेवर व वायुइंधनावर चालणाऱ्या, फिरत्या ढोलाच्या शुष्ककांचे आराखडे तयार केले. कडाक्याच्या थंडीत ओले कपडे बाहेर वाळत घालण्याचा त्रास टाळणे हा त्यामागील हेतू होता. विस्कॉन्सिन राज्यातील टू रिव्हर्स येथील हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने हे आराखडे स्वीकारले. ही कंपनी मूळची छपाईच्या लाकडी खिळ्यांसाठी प्रसिद्ध होती. तिने १९३८ मध्ये ‘जून डे’ या नावाने स्वयंचलित शुष्कक बाजारात आणला. औद्योगिक आकृतिकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी यंत्राच्या दाराला काचेची खिडकी बसविली. आत फिरणारे कपडे दिसू लागल्याने ही लोखंडी पेटी कशासाठी आहे, हे दुकानात येणाऱ्या ग्राहकाला न सांगता समजू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकेतील घरगुती धुलाई यंत्रसामग्रीचे उत्पादन थांबविण्यात आले. युद्धानंतर उपनगरांतील नव्या घरांबरोबर या यंत्राचा प्रसार झपाट्याने झाला आणि व्हर्लपूल, जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस, मेटॅग इ. मोठ्या उत्पादकांनी ते बनविण्यास सुरुवात केली.

रचना व कार्य : यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एक पंखा खोलीतील हवा खेचतो, ती तापकावरून (हीटरवरून) जाऊन तापते, फिरत्या ढोलातील कपड्यांतून वाहताना बाष्प शोषून घेते, जाळीतून गाळली जाते आणि नळीवाटे घराबाहेर टाकली जाते. ढोल मिनिटाला सु. ५० फेरे घेतो. त्यामुळे कपडे वर जाऊन पुन्हा खाली पडतात व त्यांच्या सर्व पृष्ठभागास हवा लागते. १ किग्रॅ. पाण्याची वाफ करण्यास सु. ०.६५ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. धुलाई यंत्रातून निघालेल्या ३ किग्रॅ. सुती कपड्यांत सु. १.५ ते २ किग्रॅ. पाणी असल्यास केवळ बाष्पीभवनासाठीच सु. १ किलोवॉट-तास किंवा त्याहून अधिक ऊर्जा खर्ची पडते. घरातील इतर यंत्रांच्या मानाने शुष्ककाला मोठा तापक का लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

अमेरिकी घरात विजेच्या दोन तारा येतात. त्यांपैकी प्रत्येक तार व तटस्थ तार यांत १२० व्होल्ट, तर त्या दोहोंत परस्परांत २४० व्होल्ट दाब असतो. शुष्ककाचा तापक २४० व्होल्टवर व सु. ५,४०० वॉटवर चालतो, तर चलित्र (मोटर) १२० व्होल्टवर चालते. चलित्र एकच असते. त्याच्या एका टोकाला पंखा व दुसऱ्या टोकाला लहान कप्पी असते. या कप्पीवरून जाणारा लांब पट्टा संपूर्ण ढोलाला वेढा घालून त्याला फिरवितो. ताणकप्पी पट्टा ताठ ठेवते. ढोल मागील बाजूस रुळांवर टेकतो व कडेला नमद्याच्या पट्टीमुळे हवा बाहेर निसटत नाही. चलित्रात केंद्रोत्सारी स्विच असतो. चलित्र गतिमान झाल्याशिवाय तापकाचे विद्युत् मंडल पूर्ण होऊ नये, हे त्याचे काम होय.

तापमान आवरण्यासाठी क्रमाने तीन साधने योजलेली असतात. ढोलातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सु. ६८° से. झाले की नियमित तापनियंत्रक (थर्मोस्टॅट) तापक बंद करतो आणि हवा थंड होताच तो पुन्हा चालू करतो. तापकाच्या पेटीवरील दुसरा नियंत्रक हवेचा प्रवाह अडल्यास सु. १२१° से. ला मंडल तोडतो. तिसरे साधन म्हणजे औष्णिक वितळतार (थर्मल फ्यूज). ती एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही. तो भाग बदलावाच लागतो. व्हर्लपूलच्या फार मोठ्या प्रमाणावर खपलेल्या यंत्रप्रकारात पंख्याच्या पेटीवर बसविलेली अशी वितळतार सु. ९१° से. ला तुटते व चलित्रच बंद पडते. वायुइंधनावरील यंत्रात विद्युत् तापकाऐवजी ज्वालक, त्याला वायू पुरविणारी झडप व तप्त होऊन वायू पेटविणारा प्रज्वलक असतो. बाकी रचना तीच असते.

दोषनिदान : यंत्राची एवढी रचना ध्यानात घेतली की दोष शोधण्याची रीत आपोआप ठरते. यंत्रात तीन प्रवाह असतात : विजेचा, हवेचा व गतीचा. यांपैकी कोणता प्रवाह कोठे खंडित झाला आहे, हे उगमापासून क्रमाने पाहत जाणे हीच दुरुस्तीची मूळ पद्धती होय. त्यासाठी लागणारी हत्यारे मोजकी आहेत : पाने, पेचकस, स्वच्छतेसाठी लांब ब्रश आणि विद्युत् रोध मोजणारा बहुमापक (मल्टिमीटर). मापन करण्यापूर्वी यंत्राची जोडणी भिंतीतून काढणे आवश्यक असते. कारण २४० व्होल्टचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. वायुयंत्राचा पुरवठाही झडपेवर बंद करतात आणि ज्वालकाच्या झडपेचे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवितात.

(१) यंत्र मुळीच सुरू न होणे : प्रथम भिंतीतील पुरवठा व मंडल खंडक (सर्किट ब्रेकर) पाहतात. त्यानंतर दाराचा स्विच तपासतात. दार पूर्ण न लागल्यास किंवा स्विचचा खटका झिजल्यास यंत्र सुरक्षिततेसाठी बंद राहते. पुढे औष्णिक वितळतार, सुरू करण्याची कळ व शेवटी चलित्र असा क्रम असतो. चलित्र नुसतेच गुणगुणत असेल व फिरत नसेल, तर पंख्यात एखादा मोजा अडकणे, चलित्रात लव (कापडातून सुटणारे बारीक तंतू) साचणे किंवा त्याचे धारवे (बेअरिंग) घट्ट होणे ही कारणे संभवतात.

(२) ढोल फिरतो, पण हवा तापत नाही : या तक्रारीचे एक खास अमेरिकी कारण आहे. खंडकाच्या दोन बाजूंपैकी एकच तुटल्यास चलित्राला १२० व्होल्ट मिळत राहतात, परंतु तापकाला २४० व्होल्ट मिळत नाहीत. यंत्र चालू दिसते व कपडे ओलेच राहतात. असा निष्कारण तापक बदलल्याची उदाहरणे कारागिरांच्या परिचयाची आहेत. पुरवठा ठीक असल्यास तापक मोजतात. २४० व्होल्टवरील ५,४०० वॉटच्या तापकाचा रोध हिशोबाने १०.७ ओहम येतो. मापकावर त्याच्या जवळपासचा आकडा दिसल्यास तापक शाबूत असतो व रोध अनंत दिसल्यास तार तुटलेली असते. याउलट तापकाची तार ढिली पडून लोखंडी पेटीला टेकल्यास नियंत्रकाने मंडल तोडल्यावरही तापक काही अंशी तापत राहतो. हा दोष धोकादायक असल्याने असे यंत्र दुरुस्तीपर्यंत वापरीत नाहीत. वायुयंत्रात प्रज्वलक लाल होतो पण ज्योत लागत नाही, किंवा पहिल्या खेपेस लागते व यंत्र तापल्यावर लागत नाही, असे घडल्यास वायुझडपेची वेटोळी क्षीण झाली असल्याचे अनुमान करतात.

(३) कपडे वाळण्यास फार वेळ लागणे : या तक्रारीत बहुधा कोणताही भाग निकामी झालेला नसतो, हवेचा मार्ग अडलेला असतो. जाळीतून निसटलेली लव निष्कास नळीत वर्षानुवर्षे साचते. प्लॅस्टिकची किंवा पातळ वर्खाची चुण्यांची नळी असल्यास ती अधिकच साचते व यंत्र भिंतीकडे सरकविताना अशी नळी चेपतेही. बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केल्याने मार्ग बंद झाल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार नळी सु. १० सेंमी. व्यासाची, गुळगुळीत धातूची व सामान्यतः ३५ फुटांपेक्षा (सु. १०.७ मी.) अधिक लांब नसावी असा नियम आहे, प्रत्येक काटकोनी वळणासाठी या लांबीतून काही फूट वजा करतात. परीक्षेची सोपी रीत म्हणजे नळी काढून यंत्र थोडा वेळ चालविणे. तसे केल्याने हवेचा झोत जोरदार लागला, तर दोष यंत्रात नसून नळीत आहे असे ठरते. धुतल्यावर जाळीतून पाणी खाली न उतरता साचून राहत असेल, तर कपडे मऊ करणाऱ्या द्रव्याचा थर तिच्यावर बसला आहे असे समजून ती साबणाने घासतात.

(४) आवाज : ठराविक अंतराने होणारा धडधड आवाज झिजलेल्या किंवा एका बाजूने चपट्या झालेल्या रुळांचा असतो. तीक्ष्ण किंचाळी ताणकप्पीच्या कोरड्या आसाची असते. घासल्याचा आवाज नमद्याची पट्टी किंवा पुढील बाजूच्या सरकपट्ट्या झिजल्याचे दर्शवितो. चलित्र चालू असून ढोल स्थिर असल्यास पट्टा तुटलेला असतो. अशा वेळी ढोल हाताने अगदी हलका फिरतो, यावरून खात्री पटते.

या सर्व विवेचनात एक भेद महत्त्वाचा आहे : निकामी झालेला भाग आणि तो निकामी होण्याचे कारण या दोन भिन्न गोष्टी होत. तुटलेली वितळतार हा रोग नसून लक्षण असते. नळी न साफ करता केवळ वितळतार बदलल्यास नवी तारही काही दिवसांत तुटते. याहून वाईट उपाय म्हणजे वितळतार वगळून मंडल परस्पर जोडणे. त्यामुळे यंत्र चालू लागते, परंतु आगीपासूनचे शेवटचे संरक्षण नाहीसे होते.

सुटे भाग : सुट्या भागांच्या इतिहासाचे मुख्य सूत्र म्हणजे अनेक नावांमागे असलेली मोजक्या कारखान्यांची यंत्रे. व्हर्लपूलची पूर्वज असलेली अप्टन कंपनी १९१६ पासून सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड व्यापारी संस्थेला धुलाई यंत्रे पुरवीत असे. ‘केनमोर’ हे सिअर्सचे नाव धुलाई यंत्रावर १९२७ मध्ये आले. परंतु सिअर्सचा स्वतःचा यंत्रकारखाना नव्हता. केनमोर यंत्राच्या नमुना क्रमांकातील पहिले तीन अंक खरा कारखानदार दर्शवितात : ११० म्हणजे व्हर्लपूल, ४१७ म्हणजे फ्रिजिडेअर, ७९६ म्हणजे एलजी. त्यामुळे दारावरील नावापेक्षा दाराच्या चौकटीवरील पट्टीत छापलेला क्रमांक कारागिराला अधिक उपयोगी पडतो. पुढे कंपन्यांच्या विलीनीकरणाने हे सूत्र अधिक दृढ झाले. व्हर्लपूलने १९८६ मध्ये किचनएड व २००६ मध्ये मेटॅग ताब्यात घेतली. मेटॅगने त्यापूर्वी २००१ मध्ये अमाना घेतली होती. रोपर, एस्टेट, कॅनडातील इनग्लिस इ. नावांनीही व्हर्लपूलचीच यंत्रे विकली गेली.

याचा लाभ दुरुस्ती करणाऱ्यास झाला. व्हर्लपूलच्या सु. ७४ सेंमी. (२९ इंच) रुंदीच्या यंत्रप्रकारात मूलभूत बदल न होता तो कित्येक दशके बनविण्यात आला. त्याच्या ढोलाच्या पट्ट्याचा क्रमांक ३४१२४१, वितळतारेचा ३३९२५१९ व तापकाच्या संचाचा २७९८३८ असून हे क्रमांक अमेरिकी कारागिरांना अक्षरशः तोंडपाठ असतात. हेच भाग निरनिराळ्या नावांच्या व निरनिराळ्या दशकांतील यंत्रांना बसतात. परिणामी लहान गावातील दुकानदारासही मोजके भाग साठवून बहुतेक ग्राहकांची गरज भागविता येई. खुद्द कारखानदाराखेरीज इतर उत्पादकही हे भाग तयार करू लागले व किंमत आटोक्यात राहिली.

भाग शोधण्याची रूढ रीत अशी : प्रथम यंत्रावरील पट्टीवरून संपूर्ण नमुना क्रमांक उतरून घेतात, त्यातील शेवटचे अंक किंवा अक्षरेही सोडीत नाहीत, कारण उत्पादन चालू असतानाच झालेला बदल त्यांतून कळतो. त्या क्रमांकाच्या सुट्या आकृतीत (यंत्राचे भाग विलग करून दाखविणाऱ्या चित्रात) हवा तो भाग पाहून त्याचा क्रमांक मिळवितात. कारखानदार जुना क्रमांक रद्द करून नवा देतो तेव्हा भाग नाहीसा झालेला नसतो, केवळ त्याची नोंद बदललेली असते. म्हणून क्रमांकांच्या बदलांची साखळी पाहावी लागते. वितळतार व तापनियंत्रक यांच्या बाबतीत केवळ आकार जुळून भागत नाही; मंडल तोडण्याचे तापमानही तंतोतंत जुळावे लागते. पट्टा, रूळ, कप्पी यांसारख्या यांत्रिक भागांत अन्य उत्पादकांचा माल चालून जातो. बंद झालेल्या नमुन्यांसाठी मोडीत निघालेल्या यंत्रांतील भाग हा शेवटचा आधार असतो.

दुरुस्ती ही केवळ गृहस्थाची गरज नव्हती. ती जाहिरातीचाही विषय झाली. आयोवा राज्यातील न्यूटन येथील मेटॅग कंपनीने १९६७ मध्ये आपला दुरुस्ती कारागीर काम नसल्याने एकाकी बसला आहे, अशी जाहिरात सुरू केली व ती अनेक वर्षे गाजली. यंत्राचा टिकाऊपणा ही विक्रीची मोठी बाब होती, याचे ते द्योतक आहे. व्हर्लपूलने मेटॅग घेतल्यानंतर न्यूटन येथील कारखाना २००७ मध्ये बंद झाला. सुट्या भागांचा मोठा साठा व देशभर पसरलेले कारागीर बाळगणाऱ्या सिअर्सनेही ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर भागांचा व्यापार बव्हंशी संगणकीय जाळ्यावरून माल पाठविणाऱ्या विक्रेत्यांकडे गेला.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण : आरंभीच्या यंत्रांत वेळेचे नियंत्रण लहान चलित्र, दंतचक्रे व स्पर्शके असलेल्या कालनियंत्रकाने होई. त्याचा बिघाड डोळ्यांना दिसे व मापकाने पडताळता येई. पुढे ढोलातील दोन धातुपट्ट्यांना ओल्या कपड्यांचा स्पर्श झाल्यास वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून आर्द्रता ओळखण्याची व त्यानुसार यंत्र थांबविण्याची सोय झाली. तिने विजेची बचत झाली व कपडे अतिरिक्त तापण्याचे टळले. परंतु त्याबरोबर इलेक्ट्रॉनिक फलकही आले. फलकावरील एखादा स्वस्त घटक जळाल्यास कारखानदार संपूर्ण फलकच विकतो आणि त्याची किंमत यंत्राच्या किंमतीच्या मानाने मोठी असते. दोषाचे संकेतांक यंत्र स्वतः दाखविते. पण त्यांचा अर्थ सांगणारी पुस्तिका अधिकृत कारागिरांपुरतीच राखून ठेवल्यास त्यांचा गृहस्थाला उपयोग होत नाही. यंत्र दुरुस्त करण्याजोगे असूनही नवे घेणे सोयीचे वाटावे, अशी परिस्थिती यातून निर्माण झाली.

१९९७ मध्ये यूरोपात इलेक्ट्रोलक्सने उष्णता पंपावरील घरगुती शुष्कक बाजारात आणला. यात ओली हवा बाहेर न टाकता थंड करून तिच्यातील पाणी वेगळे करतात व तीच हवा पुन्हा तापवितात. त्यामुळे वीज निम्म्याने किंवा त्याहूनही कमी लागते. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ पासून केवळ याच प्रकारची नवी यंत्रे विकण्यास परवानगी आहे. तथापि संपीडक व प्रशीतक द्रव्य यांमुळे या यंत्राची दुरुस्ती प्रशीतकाच्या (फ्रिजच्या) दुरुस्तीसारखी झाली असून ती साध्या हत्यारांनी होण्याजोगी राहिली नाही.

आगीचा धोका : अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८–१० या काळासाठी केलेल्या अंदाजानुसार त्या देशात निवासी इमारतींत शुष्ककांमुळे दरवर्षी सु. २,९०० आगी लागत, त्यांत सु. ५ मृत्यू, १०० जखमी व ३.५ कोटी डॉलरची हानी होई. त्यांपैकी सु. ३४ टक्के आगींचे प्रमुख कारण स्वच्छतेचा अभाव हे होते. लव सहज पेट घेते आणि ती तापकाजवळच साचते, हे या धोक्याचे मूळ होय.

रचनेतील दोष व दुरुस्तीची दिरंगाई यांचे गंभीर उदाहरण ग्रेट ब्रिटनमध्ये घडले. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०१५ या काळात तयार झालेल्या हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा इ. नावांच्या काही शुष्ककांत लव तापकाला लागून आग लागण्याचा संभव असल्याचे व्हर्लपूलने नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर केले. इंडेसिट कंपनी तिने त्यापूर्वीच्याच वर्षी ताब्यात घेतली होती. लक्षावधी यंत्रांत घरोघरी जाऊन सुधारणा करावयाची होती. तोवर यंत्र लक्ष ठेवून वापरण्यास हरकत नाही, असा सल्ला ग्राहकांना देण्यात आला. ऑगस्ट २०१६ मध्ये पश्चिम लंडनमधील शेपर्ड्स बुश येथे एका बहुमजली निवासी इमारतीत अशाच यंत्रामुळे आग लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सल्ला बदलून सुधारणा होईपर्यंत यंत्राची जोडणी काढून ठेवण्यास सांगण्यात आले व जुलै २०१९ मध्ये सुधारणा न झालेली सु. ५ लाख यंत्रे परत बोलाविण्याची कारवाई सुरू झाली.

कायदे : अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्यानुसार, विशिष्ट कंपनीचेच भाग वापरले पाहिजेत अशी अट हमीला (ते भाग विनामूल्य दिल्याखेरीज) घालता येत नाही. हमी संपल्यानंतर भाग मिळतील की नाही, या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नव्हते. कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये संमत केलेला व १ जुलै २०२४ पासून लागू झालेला दुरुस्तीहक्क कायदा घरगुती यंत्रांनाही लागू आहे. त्यानुसार १०० डॉलर किंवा त्याहून अधिक घाऊक किंमतीच्या वस्तूचे भाग, हत्यारे व माहितीपुस्तिका तिचे उत्पादन थांबल्यापासून ७ वर्षे उपलब्ध ठेवणे कारखानदारावर बंधनकारक झाले. मिनेसोटाचा याच प्रकारचा कायदाही त्याच दिवशी अंमलात आला. यूरोपीय संघाने धुलाई यंत्रांसाठी २०२१ पासून व वस्त्रशुष्ककांसाठी जुलै २०२५ पासून सुटे भाग १० वर्षे उपलब्ध ठेवण्याची अट घातली. शिवाय संघाच्या २०२४ मधील दुरुस्तीविषयक निदेशात वस्त्रशुष्ककाचा समावेश केलेला आहे.

दोरी व यंत्र : यंत्र बिघडले तर कपडे दोरीवर वाळत घालता येतात, हे अमेरिकेत सर्वत्र खरे नाही. अनेक गृहसंघटनांनी अंगणात दोरी बांधण्यास सौंदर्यदृष्ट्या मनाई केलेली आढळते. अशा मनाईला आळा घालणारे कायदे फ्लॉरिडा, व्हर्माँट (२००९) इ. राज्यांनी केले आहेत. भारतातून, अर्थात महाराष्ट्रातूनही, तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना दोरीवर कपडे वाळत घालण्याची सवय असूनही शुष्ककावर अवलंबून राहावे लागते, त्याचे हेही एक कारण होय.

भारतात ऊन मुबलक असल्याने या यंत्राचा प्रसार मर्यादित आहे. कोकण, गोवा व मुंबई या भागांत पावसाळ्याचे चार महिने आणि बाल्कनी नसलेली शहरी घरे यांमुळे त्याची गरज भासू लागली. गोव्यातील वेर्णा येथे धुलाई यंत्रांचा कारखाना असलेल्या आयएफबी या कंपनीचे शुष्ककही बाजारात आहेत. भारतीय घरात २३० व्होल्टचा एकच पुरवठा असल्याने तापक व चलित्र दोन्ही त्यावरच चालतात. त्यामुळे अर्धा पुरवठा गेल्याने केवळ तापक बंद पडण्याचा अमेरिकी दोष येथे संभवत नाही. तापकही लहान, सामान्यतः २ किलोवॉटच्या आसपास, असतो व वाळण्यास अधिक वेळ लागतो. लवजाळी व निष्कास नळी यांच्या स्वच्छतेचे नियम मात्र तेच आहेत. बंद खोलीत नळी न जोडता यंत्र चालविल्यास सर्व बाष्प भिंतींवर जमते व बुरशी येते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीहक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तूंचा समावेश असून सुटे भाग, दुरुस्ती व हमी यांविषयीची माहिती उत्पादकांनी तेथे द्यावी, अशी योजना आहे.